काळ्या आजाराशी झुंज

काही रोगांना नावे वैद्यांनी दिली, तर काहींना रोग्यांनीच. ‘काला-आजार’ हे नाव दुसऱ्या प्रकारचे. बंगाल, बिहार व आसाम येथील खेडुतांच्या तोंडी रुळलेल्या या नावाचा अर्थ मराठी श्रोत्यांस उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. महिनोन्‌महिने हटत नाही असा ज्वर, पाणथरी वाढून नगाऱ्यासारखे झालेले पोट, काड्यांसारखे हातपाय आणि कातडीवर चढलेली काळसर छटा, अशी या रोगाची लक्षणे होत. उपचार न मिळाल्यास त्यातून क्वचितच कोणी वाचतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने आसामातील कित्येक गावे ओस पाडली.

१९०३ साली इंग्लंडात लीशमन यांना आणि मद्रासेत डोनोव्हन यांना या रोगाचा सूक्ष्म परोपजीवी आढळला. तो एका इवल्याशा वाळूमाशीच्या दंशाने पसरतो, हे मात्र निर्विवादपणे सिद्ध व्हावयास १९४२ साल उजाडावे लागले. ही माशी वाढते ती ओलसर मातीत, कुडाच्या व मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांच्या आसपास. तेव्हा हा रोग गरिबाचेच दार का ठोठावतो, याचे उत्तर त्याच्या घराच्या भिंतींतच आहे.

औषध शोधण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे. १९१५ च्या सुमारास अँटिमनीयुक्त ‘टार्टर एमेटिक’ टोचण्याचा उपचार सुरू झाला होता. पण तो दीर्घ, क्लेशदायक आणि कधीकधी जिवावर बेतणारा असे. कलकत्त्यातील सियालदहच्या कॅम्बेल रुग्णालयात एका लहानशा खोलीत ब्रह्मचारींनी प्रयोग आरंभिले. तेथे ना गॅस होता, ना पाण्याचा नळ, ना विजेचा दिवा. रात्री घासलेटच्या कंदिलाच्या उजेडात काम चाले. याच खोलीत ‘युरिया स्टिबामीन’ सिद्ध झाले आणि १९२२ साली जगापुढे आले. काही महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला. जेथे दहांपैकी नऊ रोगी दगावत, तेथे दहांपैकी नऊ वाचू लागले.

त्याच वर्षी ब्रह्मचारींनी आणखी एक निरीक्षण नोंदविले. बऱ्या झालेल्या काही रोग्यांच्या कातडीवर पुढे डाग व गाठी उठत आणि त्यांत तोच परोपजीवी सापडे. रोग गेला असे वाटले तरी त्याचे बीज माणसांतच दबा धरून राहते, असा त्याचा अर्थ होता.

या इशाऱ्याचे मोल पुढे कळले. १९५० नंतर हिवतापासाठी घरोघर डी.डी.टी. फवारले गेले, त्यात वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, लक्ष उडाले. १९७७ साली बिहारमध्ये रोग्यांची संख्या सुमारे एक लाखावर गेली. शासकीय सेवेत असलेल्या माझ्यासारख्याला हे प्रकरण विशेष बोचते. कारण तक्त्यात शून्य दिसू लागले की त्या तक्त्याचा रकानाच काढून टाकण्याचा मोह आम्हांस होतो.

पुढे बिहारमध्ये अँटिमनीची औषधे निष्प्रभ ठरू लागली. पॅरोमोमायसीन नावाचे प्रतिजैविक कित्येक दशके ठाऊक होते. परंतु ज्याचा ग्राहक निर्धन, त्या औषधाच्या चाचण्यांवर खर्च करण्यास बाजार पुढे येईना. अखेर नफ्याची अपेक्षा न ठेवणाऱ्या एका संस्थेने बिहारमध्ये चाचण्या घेतल्या आणि २००६ साली भारतात त्यास मान्यता मिळाली. त्यापूर्वी २००२ साली पोटात घेण्याचे मिल्टेफोसीन आले होते. २०१० साली अँफोटेरिसिनच्या एका विशिष्ट प्रकाराची एकच मात्रा पुरते, हे बिहारमधील अभ्यासाने दाखविले.

२०२३ साली बांगलादेशात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. असा मान मिळविणारा तो जगातील पहिला देश. मनुष्यासाठी लस मात्र अद्याप सिद्ध झालेली नाही. तोवर कंदिलाच्या उजेडात मिळालेले ते दान सांभाळावयाचे, तर एकही रोगी उरला नसतानासुद्धा गावोगाव जाऊन विचारपूस करीत राहणे, हाच मार्ग आहे.