सेवेचा कारभार कोणाच्या हाती?

नगर जिल्ह्याच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) सामाजिक इतिहासात अमेरिकन मराठी मिशनचे स्थान मोठे आहे. १८३१ पासून हे मिशन येथे कार्यरत होते. मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्याचीच. याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी पुढे मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस चालविले आणि तेथेच १९३६ मध्ये समाजकार्याचे टाटा विद्यालय सुरू झाले. समाजकार्य हा शिकविण्याचा व्यवसाय आपल्याकडे आला तो असा, अमेरिकन वाटेने.

त्या अमेरिकेतच मे १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील राष्ट्रीय समाजकल्याण परिषदेतून कृष्णवर्णीय कार्यकर्ते उठून गेले व त्यांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. आमच्या वस्त्यांत काय करावे हे गोऱ्यांनी ठरवू नये, दोष वस्तीत नसून वर्णद्वेषात आहे, हे त्यांचे म्हणणे. त्यानंतर तेथील समाजकार्याच्या शिक्षणाला वंशभेदाचा प्रश्न टाळता आला नाही.

आमच्या वाचकांना हा वाद नवा वाटणार नाही. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, गोलमेज परिषदेस जाताना, बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना पत्र लिहिले. पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे ठक्करबाप्पा हे चिटणीस. व्यायामशाळा, वाचनालये, दारूबंदी यांनी व्यक्ती सुधारण्यात शक्ती खर्चू नका, असे बाबासाहेबांनी सुचविले. पाणवठा, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने येथील नागरी हक्कांसाठी खेडोपाडी कार्यकर्ते उभे करा, आणि ते शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्या. या पत्राची पोचही आली नाही, अशी नोंद त्यांनी १९४५ च्या ग्रंथात केली आहे. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, यावर गांधीजींचे उत्तर असे की, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. सिगालोवाद सुत्तात संगहवत्थू चार सांगितली आहेत: दान, पियवज्ज, अत्थचरिया, समानत्तता. संघाचे कार्य दानाच्या पुढे सरकले नाही, असे आम्हांस वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या छत्तीस वर्षे आधी लिहिलेले हे पत्र समाजकार्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, निदान नगरमध्ये तरी, वाचले पाहिजे. सोनई (२०१३), खर्डा व जवखेडे (२०१४) ही गावे याच जिल्ह्यातील. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदाराच्या पाठीशी गावातच राहून उभा राहणारा कार्यकर्ता, हीच तर बाबासाहेबांची ठक्करबाप्पांकडे मागणी होती.