पुस्तकातला नाग्या, पडद्यावरची चिंधी

पेण-रोह्याकडच्या माणसाला कर्नाळ्याचा सुळका वेगळा सांगावा लागत नाही. एसटीने पनवेल गाठायचं तर ती खिंड ओलांडावीच लागते आणि उभ्या धरलेल्या अंगठ्यासारखा तो सव्वाशे फुटांचा कातळ दिसतोच. त्यावर मधमाश्यांची मोठाली पोळी असतात. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ही कादंबरी याच डोंगराखालच्या ठाकरांची. १९७७ साली डॉ. जब्बार पटेल यांनी तिच्यावर चित्रपट केला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळालं.

नाग्या हा ढोल वाजवणारा ठाकर. पुण्यवंत व्हावं, एवढाच त्याला ध्यास. आणि नेमका त्यालाच माशी डसते, एक डोळा जातो. पाप केलं नाही, मग शिक्षा कसली? देवाच्या डोंगरावर ठाण मांडून बसलेल्या राणीमाशीला उठवायचंच, असा तो पण करतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या हट्टात वाटेकरीण होते. शेवटी नाग्याची जैत होते, पण चिंधी जाते.

कादंबरी वाचताना मला छळतो तो नाग्याचा प्रश्न. तो एकट्या ठाकराचा नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जांभूळपाड्यात माणसं नेली, तेव्हा आपल्या मुलखातल्या घराघरांत हाच प्रश्न होता. आमचं काय चुकलं होतं? दांडेकर त्याचं उत्तर देत नाहीत. ठाकरी बोलीच्या आडवळणांनी ते आपल्याला डोंगरावर नेतात आणि तिथे सोडून देतात.

चित्रपटात तोल बदलतो. मोहन आगाशे यांचा नाग्या उत्तमच आहे, पण डोळा आधी जातो तो स्मिता पाटीलकडे. तिची चिंधी अशी चालते, अशी बघते की पाप-पुण्याचा हिशेब मागे पडतो आणि उरते प्रेमापायी जीव टाकणारी बाई. 'सिनेमाने पुस्तक बिघडवलं', असं म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. चिंधी पुस्तकातही आहेच, आपणच तिला घाईने ओलांडून नाग्याच्या मागे धावलो होतो.

'श्यामची आई'चं असं झालं नव्हतं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं ते पुस्तक आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणलं. त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तिथे वाचणारा आणि पाहणारा एकाच जागी रडला, कारण दोघांचीही नजर आईवरच होती. आईच्या बाबतीत मतभेदाला जागा कुठे असते?

'जैत रे जैत'ची गंमत आणखी एक. पुस्तक न वाचलेली, चित्रपट न पाहिलेली कितीतरी माणसं या गोष्टीत राहतात, ती गाण्यांमुळे. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि शब्द ना. धों. महानोरांचे. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या बाजूचे, ज्वारी-कपाशीच्या शेतातले. कोकणचा पाऊस त्यांचा नव्हे. तरी त्यांचे शब्द या डोंगराला असे चिकटले की पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आकाशवाणीवर ते गाणं लागलं, तर मूर्तीचे डोळे रेखणारा हातही क्षणभर थांबावा. कवी म्हणून मला याचा थोडा हेवाच वाटतो. आम्ही जन्मभर या पावसात भिजलो आणि गाणं लिहिलं कोरड्या रानातल्या माणसाने!

पण तळेगावचे दांडेकर, पंढरपूरचे पटेल, पळसखेडचे महानोर या सगळ्यांनी मिळून ज्यांची गोष्ट सांगितली, ते ठाकर मात्र आपल्या बाजारात रानभाजी आणि लाकडाची मोळी घेऊन बसलेले आपण रोज पाहिले. त्यांच्याशी आपण भावाची घासाघीस केली आणि घरी येऊन चिंधीसाठी डोळे पुसले. त्यांच्यापैकी कुणी नाग्याची गोष्ट आपल्या बोलीत, आपल्या बाजूने लिहिली, तर ती कदाचित मधमाश्यांपासून सुरू होणार नाही. फॉरेस्टच्या कुंपणापासून, नाहीतर सातबाऱ्यापासून सुरू होईल. ते पुस्तक वाचायची माझी इच्छा आहे. त्याचा सिनेमा कुणी केला, तर तोही मी पाहीन, पण पुस्तक आधी.