मांजर सोफाच का ओरबाडतं? ही सवय मोडता येत नाही, पण वळवता येते

नवा सोफा घरी येतो आणि चार दिवसांत त्याच्या कोपऱ्यातून धागे लोंबायला लागतात. मग आरडाओरडा होतो, पाण्याचा फवारा मारला जातो. कधीकधी गोष्ट ‘मांजर कुणाला तरी देऊन टाकू’ इथपर्यंत जाते. पण मांजर हे खोडी काढायला करत नाही.

मांजर ओरबाडतं कशासाठी?

ओरबाडल्याने नखावरचं जुनं आवरण गळून पडतं आणि खालचं टोकदार नख वर येतं. सोफ्याखाली चंद्रकोरीसारखं पोकळ नख सापडतं, ते हेच. शिवाय मांजराच्या पंजात गंधग्रंथी असतात. ओरबाडून ते ‘ही जागा माझी’ अशी खूण ठेवतं. झोपेतून उठल्यावर अंग ताणायलाही त्याला घट्ट आधार लागतो. त्यामुळे ओरबाडणं बंद करता येत नाही, फक्त त्याची जागा बदलता येते.

स्क्रॅचर कसा असावा?

• उंची: मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल इतकी, साधारण अडीच ते तीन फूट.
• मजबुती: खांब एकदा जरी डगमगला, तरी मांजर पुन्हा तिकडे फिरकत नाही.
• साहित्य: सिसलचा खरखरीत दोर बहुतेक मांजरांना आवडतो. घरच्या घरी करायचा असेल तर जड पाया असलेल्या लाकडी खांबावर दोर घट्ट गुंडाळा.
• दिशा: तुमचं मांजर पायपुसणं किंवा गालिचा ओरबाडत असेल, तर पुठ्ठ्याचा आडवा स्क्रॅचर घ्या.

तो ठेवायचा कुठे?

स्क्रॅचर बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. तो सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला खेटून ठेवा. झोपायच्या जागेजवळही एक असू द्या. सोफ्याच्या त्या भागावर काही आठवडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. मांजरांना पंजाला चिकटलेलं आवडत नाही. मांजराने स्क्रॅचर वापरला की लगेच खाऊ द्या. पंजे धरून खांबावर घासू नका, त्याने ते बिचकतं. सवय लागल्यावर स्क्रॅचर रोज थोडा थोडा सरकवत हव्या त्या जागी न्या.

ओरडलं तर?

मांजर तुम्हाला घाबरायला शिकेल आणि तुम्ही नसताना सोफा ओरबाडेल.

नखंच काढून टाकली तर?

या शस्त्रक्रियेत फक्त नख निघत नाही, बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं. पुढे चालताना वेदना होऊ शकतात, मांजर चावरंही होऊ शकतं. ब्रिटनमध्ये यावर बंदी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये बंदी घातली.

त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी नखाचं फक्त पारदर्शक टोक कापा. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिथे कात्री लागू देऊ नका. जमत नसेल तर पशुवैद्यांकडून एकदा शिकून घ्या.