विज्ञानाला घर देणारा मालवणी प्राध्यापक

१/ वीरहून महाड, पोलादपूर ओलांडून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर लागते. सावित्री तेथून कोकणात उतरते. कोयना आणि वेण्णा साताऱ्याच्या मुलखाकडे वळतात. त्या सातारी नद्यांत १९११ साली एका तरुण अध्यापकास गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला.

२/ अध्यापकाचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मालवण. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवीत. हा प्राणी ज्या प्रजातीतला, ती तोवर केवळ आफ्रिकेतूनच ज्ञात होती. त्याचे शास्त्रीय वर्णन मात्र कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी केले. शोध सह्याद्रीत लागला; ओळख पटली कलकत्त्यात.

३/ पुढे आघारकरही कलकत्त्यास गेले. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून विद्यापीठात चार अध्यासने निर्माण झाली होती. त्यांपैकी वनस्पतिशास्त्राचे त्यांना मिळाले. उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीस पोहोचले आणि १९१४ चे महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते स्थानबद्ध झाले. तरीही १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले.

४/ त्या काळी कलकत्त्यात विज्ञानसंस्थांचे सामर्थ्य प्रत्यक्ष दिसत होते. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापिलेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’च्या प्रयोगशाळेत अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी कचेरीच्या वेळेबाहेर संशोधन करीत असे. ते चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल मिळवून देणारा शोधही १९२८ मध्ये त्यांना याच संस्थेत लागला.

५/ रसायनशास्त्रज्ञांनीही हेच ओळखले होते. सायमनसेन आणि मॅकमहॉन या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १९१४ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी उभी राहिली. प्रफुल्लचंद्र राय तिचे पहिले अध्यक्ष. आघारकरांनी विज्ञान परिषदेचे सचिवपद अनेक वर्षे सांभाळले. पत्रव्यवहार, अधिवेशने, हिशेब : संस्था अशा कामांवर जगते, आणि ही कामे सहसा कोणाच्या नावावर जमा होत नाहीत.

६/ निवृत्तीनंतर ते पुण्यास आले. १९४६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ अर्थात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. कलकत्त्याच्या संस्थेचा वारसा नावातच उघड आहे. तेव्हा महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. ते १९६० मध्ये आले, आणि त्याच वर्षी आघारकरांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते संस्थेचे संचालक होते.

७/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. विद्यापीठाचा विभाग प्रामुख्याने विद्यार्थी घडवितो. संशोधनाला त्याखेरीज पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे घर लागते : नमुने जपणारे, उपकरणे सांभाळणारे, एकाचे अपुरे काम दुसऱ्याच्या हाती सोपविणारे. असे घर महाराष्ट्रातही असावे, यासाठी आघारकरांनी उतारवय वेचले.

८/ १९९२ मध्ये संस्थेच्या संशोधनकेंद्रास ‘आघारकर संशोधन संस्था’ हे नाव मिळाले. तिने विकसित केलेल्या गहू आणि सोयाबीनच्या वाणांच्या नावांत आजही ‘एमएसीएस’ ही अक्षरे असतात. ती मूळ संस्थेच्या नावाची आद्याक्षरे. पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यास आघारकर ठाऊक असतीलच असे नाही. त्यांनी रुजविलेली संस्था मात्र त्याच्या शेतापर्यंत पोहोचली आहे.