पुरस्काराची वाट सेवाग्रामवरून

लोधीखेड्याहून सावनेरमार्गे नागपूर गाठायचं आणि पुढे बुटीबोरीपर्यंत जायचं. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक वर्ध्याकडे, म्हणजे सेवाग्रामला जातो, दुसरा जामवरून वरोऱ्याला, म्हणजे आनंदवनाला. गांधी शांतता पुरस्कार हा दिल्लीचा, राष्ट्रपती भवनातला मान. पण त्याची वाटचाल समजून घ्यायची तर मी सौंसर-लोधीखेड्याच्या माणसाला आधी या दोन रस्त्यांवर न्यायला बघेन.

सेवाग्राम आश्रमात एक 'परचुरे कुटी' आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर होते. पुढे त्यांना कुष्ठरोगाने गाठलं आणि १९३९ मध्ये ते सेवाग्रामच्या दारात येऊन उभे राहिले. त्या काळी या रोगाला महारोग म्हणत, खेड्यापाड्यांत रगतपिती. नाव काढलं तरी लोक अंग चोरत. गांधीजींनी शास्त्रीबुवांना ठेवून घेतलं, त्यांच्यासाठी कुटी बांधवली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासूनच कुष्ठधाम चालवलं होतं. शांततेचं काम सभेत आणि करारात होतं, तसं ते असं एका माणसाच्या अंगाला हात लावूनही होतं, हे या मातीत त्या वेळी दिसून आलं होतं.

जगाने मात्र गांधीजींना शांततेचा मोठा मान कधी दिला नाही. नोबेलसाठी त्यांचं नाव १९३७, १९३८, १९३९ आणि १९४७ मध्ये सुचवलं गेलं आणि हत्येच्या काही दिवस आधी, जानेवारी १९४८ मध्ये, पुन्हा एकदा. त्या वर्षी नोबेल समितीने शांततेचा पुरस्कार कोणालाच दिला नाही. योग्य असा हयात उमेदवार नाही, असं कारण दिलं. 'हयात' हा शब्द लक्षात असू द्या.

१९९५ मध्ये, गांधीजींच्या १२५ व्या जयंतीच्या निमित्ताने, भारत सरकारने गांधी शांतता पुरस्कार सुरू केला. रक्कम एक कोटी रुपये, सोबत मानपत्र, स्मृतिपट्ट आणि हस्तकलेची एक सुंदर वस्तू. देश, धर्म, स्त्री-पुरुष असा कुठलाच भेद नाही. व्यक्तीला मिळतो, संस्थेलाही मिळतो. निवड समितीचे अध्यक्ष पंतप्रधान. समितीत सरन्यायाधीश असतात आणि लोकसभेतल्या सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे नेतेही असतात. योग्य कोणी वाटलं नाही तर त्या वर्षी पुरस्कार न देण्याची मुभा समितीला आहे.

पहिला पुरस्कार टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना. त्यांची जनता त्यांना 'म्वालिमू' म्हणे, म्हणजे गुरुजी. १९९६ चा श्रीलंकेच्या ए. टी. अरियरत्ने यांना. त्यांच्या चळवळीचं नावच 'सर्वोदय श्रमदान'. हे दोन्ही शब्द आपल्याकडे पवनारला, विनोबांच्या ओठी घोळलेले.

आणि १९९७ चा मान गेला जर्मनीच्या गेरहार्ड फिशर यांच्याकडे. परराष्ट्र सेवेतला हा अधिकारी भारतातल्या कुष्ठरोग्यांसाठी आणि पोलिओग्रस्तांसाठी राबला. पुरस्काराला सेवाग्रामची वाट इथे सापडली. पुढच्या वर्षी रामकृष्ण मिशन, आणि १९९९ मध्ये बाबा आमटे.

बाबांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जन्म १९१४ चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, व्यवसाय वकिलीचा. एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटलं. हाच अभय साधक वरोऱ्यात, भर पावसात, गटारीकडेला पडलेला तुळशीराम पाहून पळाला. हातापायांची बोटं झडलेली, जखमांत किडे. बाबा घरी पोचले, पण आपण घाबरलो ही गोष्ट त्यांना झोपू देईना. ते परत गेले आणि तुळशीरामवर तट्ट्याचा आडोसा उभारला. तुळशीराम वाचला नाही. बाबा मात्र कलकत्त्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेऊन आले.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली. जवळ चौदा रुपये, सहा रुग्ण, एक लंगडी गाय. सरकारने दिलेली जमीन नुसती खडकाळ, साप-विंचवांची. बोटं नसलेल्या हातांनी पहिली विहीर खणली गेली. भाजीपाला पिकला, तर वरोऱ्याच्या बाजारात तो घ्यायला कोणी पुढे येईना. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केलं. हे पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. पुढे याच रुग्णांनी निरोगी मुलांसाठी महाविद्यालय उभारलं.

आपल्या भागातल्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आनंदवन सुरू झालं तेव्हा वरोरा आणि लोधीखेडा एकाच राज्यात होते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. १९५६ मध्ये सीमा बदलली, वरोरा सीमेपलीकडे गेलं आणि आपण मध्य प्रदेशातच राहिलो. बाबा आमटे दुसऱ्या राज्याचे म्हणून आपल्याला परके नाहीत. १९९० नंतर तर ते पत्नी साधनाताईंसह बडवानीजवळ कसरावदला, नर्मदेच्या काठी, धरणग्रस्तांसोबत येऊन राहिले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. एक उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. त्याच दशकाच्या शेवटी हा पुरस्कार त्यांना मिळाला.

नंतरच्या काही वर्षांत जगातली मोठी नावं आली. २००० मध्ये नेल्सन मंडेला आणि बांगलादेशची ग्रामीण बँक एकत्र, २००१ मध्ये उत्तर आयर्लंडचे जॉन ह्यूम, नंतर भारतीय विद्या भवन, चेकचे वाक्लाव हावेल, कोरेटा स्कॉट किंग आणि २००५ मध्ये डेझमंड टुटू. ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं ते २००६ मध्ये. म्हणजे गांधींच्या नावाचा पुरस्कार तिथे सहा वर्षं आधी पोचला होता.

मग मोठा खंड पडला. २००६ ते २०१२ अशी सात वर्षं पुरस्कार कोणालाच नाही. २०१३ मध्ये 'चिपको'चे चंडीप्रसाद भट्ट निवडले गेले. त्यानंतर इस्रो, कन्याकुमारीचं विवेकानंद केंद्र, अक्षय पात्र आणि सुलभ इंटरनॅशनल, एकल अभियान अशा संस्था आल्या. २०१९ साठी ओमानचे सुलतान काबूस आणि २०२० साठी बंगबंधू शेख मुजीबुर रहमान यांची नावं २०२१ मध्ये जाहीर झाली, तेव्हा दोघेही हयात नव्हते. २०२१ चा मान गोरखपूरच्या गीता प्रेसला मिळाला. त्यांनी सन्मान स्वीकारला, एक कोटीची रक्कम घेतली नाही.

२०१४ ते २०२१ या आठ वर्षांत हयात अशी एकच व्यक्ती या यादीत आहे. ती म्हणजे २०१८ चे मानकरी, जपानचे योहेई ससाकावा, पुन्हा कुष्ठरोगाचंच काम करणारे. त्यांच्या निप्पॉन फाउंडेशनने १९९५ पासून पाच वर्षं जगभर बहुविध औषधोपचाराची औषधं फुकट पोचवली. रोग्याला वेगळं पाडणारे कायदे रद्द व्हावेत म्हणून ते देशोदेशी फिरले. आपल्याकडे इंग्रजांनी केलेला १८९८ चा कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोगाच्या कारणाने घटस्फोट मागता येण्याची तरतूदही २०१९ मध्ये गेली.

फिशर, आमटे, ससाकावा. जर्मन, मराठी, जपानी. माझं स्पष्ट मत असं की हा पुरस्कार आपल्या नावाला सर्वांत जास्त जागला तो या तीन वेळी. संस्थांचं काम मोठं आहे, त्यांचा सन्मान जरूर व्हावा. पण गांधीजींना 'हयात नाही' म्हणून मान नाकारला गेला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार जिवंत, राबत्या माणसाकडे जायला हवा. तशी माणसं आजही आहेत.

कारण काम संपलेलं नाही. २००५ च्या अखेरीस देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं हे खरं, पण जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण आजही भारतातच सापडतात. ३० जानेवारी, गांधीजींचा स्मृतिदिन, हाच आपला कुष्ठरोगविरोधी दिन आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कोड समजून लपवू नका. कोडाच्या जागी स्पर्श कळतो. सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि रोग पूर्ण बरा होतो.