शुक्रवारचा तीनचा खेळ

हा कुठल्याही एका सिनेमाचा शुक्रवार नाही. पण मराठी सिनेमा काढलेल्या कुणालाही विचारा, यातला तास न् तास त्याला पाठ असतो. दोन-तीन वर्षं राबायचं, घर गहाण ठेवायचं आणि हाती येतात ते तीन दिवस: शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारी थिएटरवाला कलेक्शन बघतो आणि खेळ ठेवायचे की उतरवायचे ते ठरवतो. म्हणून ही मोजणी गुरुवारी रात्रीपासून.

गुरुवार, रात्री 10. उरले 25 तास.
सिनेमा थिएटरात पोहोचलाय, पण कुलूपबंद. रिळांचे डबे एसटीने पाठवायचे दिवस गेले. आता हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून फाइल येते. ती उघडणारी किल्ली, ऑपरेटर मंडळी तिला 'केडीएम' म्हणतात, ठरलेल्या सर्व्हरवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. फाइल पळवली तरी उघडत नाही. त्यामुळे बाहेरच्या चोराला सोपी वाट एकच उरते: रांगेत उभं राहून तिकीट काढायचं आणि आत जाऊन बसायचं.

शुक्रवार, दुपारी 12:30. उरले साडेदहा तास.
पहिला खेळ. पडद्यावर आपल्याला दिसत नाही अशी एक गोष्ट घडू लागते. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी 2005 साली डिजिटल सिनेमाचे जे तांत्रिक नियम ठरवले, त्यात सर्व्हरने दाखवता दाखवताच चित्रात आणि आवाजात गुप्त खूण मिसळावी अशी अट आहे. ही खूण 35 बिटांची. त्यातले 19 यंत्राची ओळख सांगतात, म्हणजे पाच लाखांहून जास्त सर्व्हर वेगवेगळे ओळखता येतात. उरलेले 16 तारीख आणि वेळ सांगतात, दर 15 मिनिटांना बदलत. पूर्ण खूण प्रत्येक पाच मिनिटांच्या तुकड्यात बसवलेली असते. आपल्याकडच्या डिजिटल सिनेमा कंपन्याही आपापल्या खुणा टाकतात. फाइलमध्ये ही खूण नसते, ती त्या पडद्यावर त्या खेळापुरती उमटते. म्हणूनच चोरलेली प्रत आपल्या जन्माचा पत्ता अंगावर घेऊन फिरते.

दुपारी 3:15. उरले पावणेआठ तास.
राष्ट्रगीत झालं, लोक बसले, दिवे गेले. चोर उभं राहून रेकॉर्डिंग करत नाही, हात हलतो. तो मागच्या रांगेत, शक्यतो मध्यभागी बसतो. फोनचा उजेड शून्यावर, फोन छातीशी किंवा शर्टच्या खिशात, भिंग तेवढं बाहेर. अडीच तास तो हसत नाही, पाय हलवत नाही, पॉपकॉर्नला हात लावत नाही. भरलेल्या थिएटरात सगळे हसत असताना एकच माणूस दगडासारखा बसलाय, हे जवळून बघणाऱ्याच्या लक्षात येतंच.

पण जवळून बघणारा आहे कुठे? एकपडदा थिएटरात डोअरकीपर असायचा. हातात टॉर्च, खांद्यावर पंचा, कुठल्या रांगेत कोण बसलंय हे तोंडपाठ. खेळ चालू असताना तो दोन-तीन फेऱ्या मारायचाच. आता एकच पोरगा तिकीट बघतो, समोसे सीटवर नेऊन देतो, खेळ सुटला की झाडू मारतो, आणि त्याच्याकडे तीन-तीन पडदे असतात. मला विचाराल तर सिनेमा इथेच चोरीला जातो, इंटरनेटवर तो नंतर पोहोचतो.

रात्री 8. उरले 3 तास.
चोरलेल्या प्रतीत चित्र एका गावचं, आवाज दुसऱ्या गावचा. स्वच्छ आवाज वेगळा मिळवून चित्रावर बसवायची चाल जुनी आहे. तपासणाऱ्याला मग दोन थिएटरं शोधावी लागतात.

रात्री 11. शून्य.
त्या प्रतीची लिंक पडते. मिनिटाभरात टेलिग्रामवर, मग व्हॉट्सॲपच्या गटागटांत.

शनिवार, सकाळी 9. झाले 10 तास.
निर्मात्याला कळतं तेही बहुधा नातेवाइकाकडून: "अरे, तुझा पिक्चर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय, छान आहे."

तपासाचा पहिला प्रश्न: प्रत आतून फुटली की थिएटरात टिपली? 2016 साली 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला, तेव्हा फ्रेमच्या कोपऱ्यात 'फॉर सेन्सॉर' अशी अक्षरं होती. थिएटरातली प्रत मात्र डोळ्यांनी वाचावी लागते. पडद्याची डावी कड उजवीपेक्षा उंच दिसली, तर कॅमेरा मध्याच्या डावीकडे होता. खाली डोकी दिसली, तर सीट मागची. कुणाचं पोर रडलं, कुणी मागून कुजबुजलं, तर बोलीवरून मुलूख कळतो. सोबत किमान अर्ध्या तासाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि गुप्त खूण वाचायला घेतात.

शनिवार, दुपारी 12. झाले 13 तास.
तक्रार. महाराष्ट्र सायबरकडे बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी 2017 पासून वेगळं पथक आहे. 2023 च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यात थिएटरात चोरून चित्रीकरणाला किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद आली. दंड किमान तीन लाख, कमाल निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने लिंक काढायला लावणारे 12 नोडल अधिकारी नेमले. तक्रारीनंतर काढायची मुदत 48 तास.

शनिवार दुपार अधिक 48 तास, म्हणजे सोमवार दुपार. ज्या तीन दिवसांवर सिनेमा जगतो, ते त्या मुदतीतच संपतात. हा हिशेब नियम करताना कुणीतरी मांडायला हवा होता.

चोर सापडत नाहीत असं नाही. मे 2024 मध्ये लागलेल्या 'गुरुवायूर अंबलनडयिल' या मल्याळम सिनेमाची प्रत फिरली. तक्रारीवरून कोचीचे सायबर पोलीस माग काढत राहिले आणि जुलैच्या अखेरीस तिरुवनंतपुरमच्या थिएटरात धनुषचा 'रायन' टिपताना माणूस हातात आला, चालू खेळात. मात्र मधे दोन महिने गेले होते. 'गुरुवायूर'ला त्याचा काय उपयोग?

रविवार, संध्याकाळी 6. झाले 43 तास.
एक लिंक बंद झाली की दुसऱ्या नावाने तीन उघडतात. थिएटरात रविवारचा फर्स्ट शो अर्धा रिकामा.

सोमवार, सकाळी 10.
प्रयोगशाळेचा निरोप येतो: सर्व्हरचा क्रमांक, शुक्रवार, दुपारी सव्वातीन ते साडेतीन. थिएटरच्या मॅनेजरला फोन जातो. लॉबीच्या कॅमेऱ्याचं फुटेज राखून ठेवा, ऑनलाइन बुकिंगची यादी द्या. मागच्या रांगेतली चार तिकिटं खिडकीवर रोखीने काढलेली, नावं नाहीत.

"त्या खेळाला आत ड्युटी कुणाची होती?"

मॅनेजर रजिस्टर उलटतो. त्या पोराचं नाव तीन पडद्यांपुढे लिहिलेलं आहे. समोर कॉम्प्युटरवर आठवड्याचा नवा चार्ट तयार आहे. सिनेमाचे चार खेळ होते, तिथे आता एकच उरलाय, सकाळी पावणेदहाचा. तो सुरूही झालाय. आत सात माणसं आहेत.