शब्दवेध : कॉटेज

आज ‘कॉटेज’ म्हटलं की थंड हवेच्या ठिकाणची टुमदार बंगली डोळ्यांपुढे येते. शब्दाचं मूळ मात्र गरिबाच्या घरात आहे. जुन्या इंग्रजीत ‘कॉट’ म्हणजे खोपटं. त्यात राहणारं कूळ लॅटिन दप्तरात ‘कोटारियस’ झालं, पुढे ‘कॉटर’. इंग्लंडच्या विल्यम राजाच्या १०८६च्या ‘डूम्सडे’ या जमीन-पाहणीत कॉटरच्या शेजारी ‘बोर्डर’ भेटतो. या शब्दाचा सीमेशी काही संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बोर्द’ म्हणजे फळ्यांची झोपडी. पाहणीत नोंदलेल्या माणसांत या दोघांचा मिळून वाटा जवळपास एक तृतीयांश होता. बऱ्या स्थितीतल्या कुळाकडे ‘व्हर्गेट’, म्हणजे सुमारे तीस एकर जमीन असे. कॉटर-बोर्डरांकडे फार तर पाच एकर, कित्येकांकडे नुसतं परस. बाकी पोट जमीनदाराच्या शेतावर राबून भरायचं.

१५८९मध्ये इंग्लंडने कायदा केला : नव्या कॉटेजला किमान चार एकर जमीन जोडलेली हवी. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो, कारण छपरासोबत पोटापुरती मातीही लागते हे त्याने मान्य केलं. १७७५मध्ये तो रद्द झाला.

आयर्लंडचा ‘कॉटियर’ खोपटं आणि बटाट्याचा तुकडा यांच्या बदल्यात मजुरी करायचा. १८४५मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि त्या दुष्काळात हा वर्ग उद्ध्वस्त झाला. गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारा मुंडकार याच जातकुळीचा; त्याला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५चा.